परदेशी पगाराचे चुकलेले त्रैराशिक

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचे शासन यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार झाला. तेव्हापासून जर्मनीतील नोकरी हा केवळ पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांच्या बोलण्याचा विषय राहिलेला नाही. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुण-तरुणींच्या घरीही आता युरोचे आकडे बोलले जाऊ लागले आहेत. जर्मनीत काम करणारे हात कमी पडत आहेत आणि महाराष्ट्रात कामाविना बसलेले हात पुष्कळ आहेत. तेव्हा या देवघेवीत वावगे काही नाही. मात्र या निमित्ताने घरोघर एक त्रैराशिक मांडले जात आहे आणि ते पहिल्याच पायरीवर चुकत आहे. एका युरोचे शंभर रुपये, तर अठ्ठावीसशे युरोंचे किती? उत्तर येते दोन लाख ऐंशी हजार. या उत्तरावर बहिणीचे लग्न ठरते, शेत गहाण पडते, मिळालेल्या पक्क्या नोकरीचा राजीनामा लिहिला जातो.

गणित म्हणून हे उत्तर बरोबर आहे, संसार म्हणून चूक आहे. पगार युरोत मिळतो, त्याचप्रमाणे घरभाडे, भाजीपाला, बसचे तिकीट आणि पायातले जोडेही युरोतच घ्यावे लागतात. जो पैसा तिथेच मिळतो आणि तिथेच खर्च होतो, त्याला रुपयाच्या मापाने मोजण्यात अर्थ नाही. रुपयात मोजायची ती फक्त महिनाअखेरची शिल्लक. तीही मायदेशी पाठविली तरच. विनिमयाचा दर दोन चलनांची बाजारातील किंमत सांगतो. त्या चलनात पोट किती भरते, हे तो सांगत नाही. निरनिराळ्या देशांतील किंमतींची आंतरराष्ट्रीय तुलना करणारे अर्थशास्त्रज्ञ त्यासाठी क्रयशक्तीचा वेगळा दर काढतात. त्या हिशेबाने जर्मनीत एका युरोत जेवढा माल व सेवा मिळते, तेवढी भारतात शंभराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी रुपयांत मिळते. म्हणजे अडीच-पावणेतीन लाखांचा भासणारा पगार राहणीमानाच्या दृष्टीने लाखाच्याही आतच येतो, आणि तोही कपातीपूर्वीचा.

वस्तुतः हा विचार नोकरदार वर्गाला नवा नाही. मुंबईत बदली झाली की मूळ वेतन तेच राहते, पण घरभाडे भत्त्याचा दर बदलतो. शहरांची ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ अशी वर्गवारी करून सरकारनेच हे मान्य केले आहे की पगार सारखा असला तरी संसार सारखा नसतो. महागाई भत्त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. जो कारकून सोलापुरातून मुंबईला जाताना कागद-पेन्सिल घेऊन बसतो, त्यानेच मुलीला श्टुटगार्टला पाठविताना केवळ गुणाकारावर विसंबावे, हे आश्चर्य आहे.

ब्रुटो आणि नेटो

जर्मन नेमणूकपत्रात जो आकडा असतो तो ‘ब्रुटो’, म्हणजे कपातीपूर्वीचा पगार असतो. हातात पडतो तो ‘नेटो’. या दोन शब्दांमधले अंतर आपल्याकडच्या अंतरापेक्षा फार मोठे आहे. २०२५ चे दर पाहावेत. निवृत्तिवेतन विम्यासाठी कामगाराच्या पगारातून ९.३ टक्के, बेकारी विम्यासाठी १.३ टक्के आणि आरोग्य विम्यासाठी ७.३ टक्के कापले जातात. याखेरीज आरोग्य विम्याचा सरासरी १.२५ टक्के अधिभार असतो. शुश्रूषा विम्यासाठी मूल नसलेल्या आणि तेविशी ओलांडलेल्या व्यक्तीचे २.४ टक्के जातात. बेरीज साडेएकवीस टक्क्यांच्या वर जाते. एवढी रक्कम केवळ सामाजिक विम्याची, प्राप्तिकर वेगळा. तो कर कामगाराच्या कौटुंबिक स्थितीनुसार ठरतो. ज्याची पत्नी किंवा जिचा पती भारतातच आहे, त्याला किंवा तिला बहुधा अविवाहितासारखाच कर पडतो. विवाहितांची सवलत जोडीदार तिथे राहायला आल्यावर मिळते. शिवाय नगरपालिकेत नाव नोंदविताना धर्माचा रकाना असतो. तेथे कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट अशी नोंद झाली की बाडेन-व्युर्टेम्बर्ग व बव्हेरियात प्राप्तिकराच्या ८ टक्के आणि इतर राज्यांत ९ टक्के चर्चकर लागतो. वसईच्या किंवा गोव्याच्या उमेदवाराला ही गोष्ट सहसा पहिल्या पगाराच्या दिवशीच कळते.

प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे. वृद्धांच्या शुश्रूषा क्षेत्रात जर्मनीने वेगळे किमान वेतन ठरविले आहे. १ जुलै २०२५ रोजी लागू झालेल्या दरांनुसार ते साध्या सहायकासाठी तासाला १६.१० युरो आणि पूर्ण मान्यताप्राप्त परिचारिकेसाठी २०.५० युरो होते. आठवड्याचे चाळीस तास धरले तर महिन्याला पहिल्याचे सुमारे २७९० आणि दुसऱ्याचे सुमारे ३५५० युरो होतात. मूल नसलेल्या एकट्या व्यक्तीच्या हाती यातून २०२५ च्या दराने अनुक्रमे सुमारे १९३० आणि २३६० युरो पडतात. नेमणूकपत्रात साडेसातशेहून अधिक युरोंची वाढ दिसते. हातात साधारण सव्वाचारशे येतात. पगार चढत जातो तसा कराचा दरही चढत जातो. म्हणून दोन पगारांची तुलना करायची तर ती नेटोची करावी. ब्रुटोची तुलना फसवी ठरते.

येथे आणखी एक खाचखळगा आहे. भारतात परिचर्येचे शिक्षण पूर्ण केलेली मुलगी जर्मनीत उतरताच परिचारिका ठरत नाही. तिच्या पदवीला तेथील राज्याच्या अधिकाऱ्यांची मान्यता मिळावी लागते आणि जर्मन भाषेची ठरलेली पायरी गाठावी लागते. तोपर्यंत तिला बहुधा सहायकाच्या पदावर आणि पगारावर काम करावे लागते. मध्यस्थ सांगतो तो आकडा मान्यतेनंतरचा असतो; कर्जाचा हप्ता मात्र मान्यतेपूर्वीच सुरू झालेला असतो.

या कपातींकडे बुडालेला पैसा म्हणून पाहणेही बरोबर नाही. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, आरोग्य विम्याच्या कायद्याने ज्या व्यवस्थेचा पाया घातला गेला, तिचे हे हप्ते आहेत. त्यांच्या बदल्यात आजारपणात पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो आणि त्यानंतर विमा संस्था कमी दराने भत्ता देते. कमावत्या नसलेल्या जोडीदाराचा आणि मुलांचा आरोग्य विमा वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतो. पाच वर्षे निवृत्तिवेतनाचा हप्ता भरला की त्या निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होतो. भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून अमलात असल्याने तो हक्क मायदेशी परतल्यावरही टिकतो. इस्पितळाच्या बिलाने कुटुंब कर्जात बुडण्याची भारतात जी धास्ती असते, तिच्यापासून ही कपात वाचविते. तेव्हा या साडेएकवीस टक्क्यांचे मोल हिशेबात धरलेच पाहिजे. फक्त ते महिनाअखेरच्या शिलकीत धरता येत नाही.

घरभाडे हाच खरा निकष

पगार पुरतो की नाही, हे ठरविण्याचे शास्त्र जर्मनीतच वाढले, हा एक योगायोग म्हणावा. सॅक्सनी राज्याचे संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल (मार्क्सचे सहकारी एंगल्स ते वेगळे) यांनी १८५७ साली कामगार कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून असे दाखविले की उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा. त्यानंतर बर्लिनच्या हेर्मान श्वाबे यांनी १८६८ मध्ये घरभाड्याबाबत तशीच गोष्ट मांडली: गरिबाच्या मिळकतीतला भाड्याचा हिस्सा श्रीमंताच्या हिश्श्यापेक्षा मोठा असतो. आजच्या जर्मनीत या दोहोंपैकी श्वाबे यांचा नियम नवागताला अधिक छळतो. दूध, पाव, बटाटे, अंडी या गोष्टी तेथील पगाराच्या मानाने महाग नाहीत. घर महाग आहे. जर्मन कुटुंबाच्या सरासरी खर्चातील एक तृतीयांशाहून अधिक भाग घर आणि ऊर्जा यांवरच जातो.

भाड्याचेही दोन प्रकार असतात. ‘थंड भाडे’ म्हणजे नुसत्या जागेचे. ‘गरम भाडे’ म्हणजे त्यात घर तापविण्याचा, पाण्याचा व इमारतीच्या देखभालीचा खर्च मिळविलेले. जाहिरातीत ठळक अक्षरांत असते ते थंड भाडे. विजेचे बिल बहुधा याहून वेगळे असते. अनामत रक्कम म्हणून तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंतची रक्कम घेण्याची घरमालकाला कायद्याने मुभा आहे. भाड्याच्या घरात अनेकदा ओटा, शेगडी, कपाटे, इतकेच काय दिवेही नसतात. ते भाडेकरूने आणायचे असतात. पहिला पगार महिना भरल्यावर येतो. म्हणजे अनामत, पहिले भाडे, हिवाळ्याचे कपडे आणि महिन्याचे जेवण एवढा खर्च पगार पाहण्यापूर्वीच करावा लागतो. ही रक्कम जवळ नसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात उसनवारीला लागतो, आणि परक्या मुलखात उसनवारीची किंमत केवळ व्याजात मोजता येत नाही.

आता १९३० युरोंचा संसार मांडून पाहावा. समजा, गरम भाडे ८००, जेवण ३००, वीज ५०, दूरध्वनी व इंटरनेट ४०, देशभर स्थानिक वाहतुकीला चालणारे मासिक तिकीट ६३, प्रत्येक घराला द्यावे लागणारे आकाशवाणी-दूरचित्रवाणीचे शुल्क १८.३६, आणि कपडे, औषध, किरकोळ यासाठी १५०. बेरीज १४२० च्या आसपास जाते. शिल्लक राहतात साधारण ५०० युरो. रुपयांत पन्नास हजार. पावणेतीन लाखांपासून निघालेले त्रैराशिक येथे येऊन थांबते. त्यातूनही वर्षाकाठी एकदा घरी येण्याचे विमानभाडे आणि शिक्षणाच्या किंवा मध्यस्थाच्या कर्जाचा हप्ता जायचा असतो.

याच कोष्टकात केवळ भाड्याचा आकडा बदलून पाहावा. म्युनिचसारख्या महागड्या शहरात भाडे हजारावर गेले तर शिल्लक तीनशे होते. घर वाटून घेऊन, किंवा पूर्वेकडील सॅक्सनीतल्या एखाद्या स्वस्त शहरात राहून, भाडे साडेचारशेवर आणले तर शिल्लक साडेआठशेच्या पुढे जाते. म्हणजे सहायकाची परिचारिका होऊन हातात जी वाढ पडते, तिच्याहून अधिक फरक गावाच्या निवडीने पडतो. ‘पगार किती’ या प्रश्नाच्या आधी ‘गाव कोणते आणि भाडे किती’ हा प्रश्न विचारला पाहिजे. हाती पडणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा गरम भाडे अधिक होत असेल, तर तो पगार त्या गावासाठी अपुरा समजावा, असा ढोबळ नियम करण्यास हरकत नाही.

महागाईचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे निर्देशांक चढला की सरकारी नोकराचा महागाई भत्ता चढतो. जर्मनीत असा आपोआप वाढणारा भत्ता नाही. तेथे पगारवाढ कामगार संघटना आणि मालक यांच्या सामूहिक करारांतून होते. २०२२ मध्ये तेथे सरासरी ६.९ टक्के आणि २०२३ मध्ये ५.९ टक्के महागाई झाली. वर उल्लेखिलेले वाहतुकीचे तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले. ते जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना झाले. नेमणूकपत्र देणारी संस्था सामूहिक कराराने बांधलेली आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

एक पगार, दोन चुली

आखाती देशांकडे गेलेल्या पहिल्या पिढीचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांतून १९७० नंतर जे लोक तिकडे गेले, त्यांचा हिशेब सरळ होता. पगारावर प्राप्तिकर नाही, राहण्याची सोय अनेकदा मालकाची, कुटुंब गावी आणि मुक्काम कराराच्या मुदतीपुरता. राहणीचे हाल सोसले तर मिळकतीचा मोठा हिस्सा गावी पाठविता येई. जर्मनीचे गणित निराळे आहे. तेथे कर आहे, घर आपले आपण शोधायचे आहे आणि कायदा कुटुंबासह स्थायिक होण्याची वाट मोकळी ठेवतो. म्हणून शिल्लक थोडी आणि स्थैर्य अधिक, असा तो सौदा आहे. जो पाच वर्षांत गावी माडी बांधायला निघाला आहे, त्याने एक माप लावावे. जो मुलांना तिथे वाढवायला निघाला आहे, त्याने दुसरे.

कुटुंब नेण्याचा हिशेब तर अधिक सावधपणे केला पाहिजे. कुटुंबाला बोलाविण्यासाठी पुरेशी जागा आणि उपजीविकेची शाश्वती दाखवावी लागते. मुलामागे सरकार बालभत्ता देते (२०२५ मध्ये तो महिना २५५ युरो होता) आणि सरकारी शाळेला शुल्क नाही. बालवाडीचे शुल्क मात्र राज्याराज्यांत आणि गावागावांत वेगळे आहे. बर्लिनमध्ये ते माफ आहे, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सर्वसाधारणपणे भरावे लागते. या सर्वांहून मोठी रक्कम मात्र कोणत्याच कोष्टकात दिसत नाही. ती म्हणजे जोडीदाराने सोडलेली नोकरी. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका पतीबरोबर जाते, तेव्हा तिचा पगार, तिची ज्येष्ठता आणि तिच्या म्हातारपणाची तरतूद यांवर ती पाणी सोडते. भाषा येईपर्यंत तिला तेथे शिक्षिकेची नोकरी मिळत नाही. पतीच्या नव्या पगारातून पत्नीचा जुना पगार वजा केल्याशिवाय कुटुंबाचा नफा-तोटा कळत नाही. आणि मागे राहिलेल्या आईवडिलांची चूल त्याच शिलकीवर पेटायची असते.

भारतातील कामगार चळवळीने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरविले, तेव्हा आहारतज्ज्ञ डॉ. एक्रॉइड यांच्या शिफारशींप्रमाणे अन्न, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के, अशी एकेक बाब मांडली. वेतन एकट्या कामगारापुरते न ठेवता त्याच्यासह तीन उपभोग-एककांच्या कुटुंबाचे धरले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. सातव्या वेतन आयोगाने किमान १८ हजारांचा आकडा काढला तोही याच सूत्राच्या आधारे. या सूत्राचे मर्म असे की वेतनाचा विचार आकड्यापासून सुरू करायचा नसतो. गरजांपासून सुरू करून आकड्यापर्यंत यायचे असते. परदेशी नोकरीलाही हेच सूत्र लावावे.

यात शासनाची जबाबदारी मोठी आहे. कराराचा समारंभ होतो, आकडे जाहीर होतात. पण उमेदवाराच्या हाती येणारा कागद परक्या भाषेत असतो. ज्या नोकऱ्या शासनाच्या मध्यस्थीने मिळणार आहेत, त्या प्रत्येकीबरोबर मराठीत एक पानाचे वेतनपत्रक देणे बंधनकारक असावे. त्यावर ब्रुटो आणि नेटो, पदवीला मान्यता मिळेपर्यंतचा पगार व नंतरचा पगार, कामाचे गाव, तेथील गरम भाडे, अनामत आणि पहिल्या तीन महिन्यांस लागणारी रोकड एवढ्या बाबी असाव्यात. भाषेच्या वर्गाचा व प्रवासाचा खर्च कोण सोसणार, हेही त्यावर स्पष्ट असावे. केरळच्या नोर्का या संस्थेने जर्मनीशी परिचारिकांबाबत जी योजना आखली, तिच्यात हा बोजा उमेदवारावर टाकलेला नाही. जे केरळला जमते ते महाराष्ट्राला जमू नये असे काही नाही.

तोवर हे काम गावातील जाणत्यांनाच करावे लागणार आहे. परदेशाहून आलेला कागद आजही शाळेतल्या गुरुजींकडे किंवा कचेरीतल्या कारकुनाकडे वाचायला येतो. त्यांनी गुणाकाराला थोपवून आधी वजाबाकी करायला लावली, तरी पुष्कळ घरे वाचतील. त्या वजाबाकीनंतरही शिल्लक राहत असेल, आणि अनेकांच्या बाबतीत ती राहते, तर मुलीने किंवा मुलाने अवश्य जावे, आणि घरच्यांनी त्या शिलकीएवढ्याच अपेक्षा ठेवून त्यांना निरोप द्यावा.